ठोका थांबला की वाडगा घेऊन निघा

मी उखळ बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतो, राग मानू नका. जन्मभर मार खाल्लाय, हळू बोलायची सवयच लागली नाही.

माझं वय मला नीट सांगता येणार नाही. ओकचं झाड होतो तेव्हाची वर्षं धरायची की सोडायची, ते तुम्हीच ठरवा. कासवओढ्याच्या वरच्या अंगाला, उतारावर मी उभा होतो. अमेरिकेतल्या ओकलाहोमातला हा डोंगराळ भाग. इथं चेरोकी या आदिवासी लोकांची घरं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर नाहीत, ठोक्याच्या अंतरावर आहेत. हाक ओढ्यापलीकडे पोचत नाही, माझा ठोका पोचतो. पुढं जे घडलं ते सगळं या एका गोष्टीवर घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मला पाडलं रेडबर्ड मामानं. भाची क्वेटी हिचं लग्न ठरलं आणि त्यानं कुऱ्हाडीला धार लावली. आमच्यात पोरीचा खरा कैवारी तिच्या आईचा भाऊ. बापानं हौस करावी, जबाबदारी मामाची. त्यानं घाव घालायला घेतले तेव्हा मी ताठ होतो, पडलो तेव्हा शेजारची कोवळी झाडं माझ्याखाली चिरडून मेली. त्यांचा काही दोष नव्हता.

मग माझा कमरेएवढा तुकडा केला, साल सोलली, उभं केलं आणि डोक्यावर निखारे ठेवले. कडा जळू नयेत म्हणून ओला चिखल थापला. जाळायचं, खरवडायचं, पुन्हा जाळायचं. उखळ असंच होतं, दुसरा रस्ता नाही. मामा चिलीम ओढत शेजारी बसायचा आणि माझ्याशी बोलायचा.

"कण्हू नकोस रे," तो म्हणायचा. "पोटात जागा नसली तर दुसऱ्याला काय वाढशील?"

मला तेव्हा त्याचा असा संताप यायचा! आता तो नाही, तर त्याचं बोलणं आठवतं.

माझ्या जोडीला हिकोरीच्या लाकडाचं मुसळ केलं. माणसापेक्षा उंच, वरचं टोक जाड, खालचं बारीक. नवखा माणूस ते हटकून उलटं धरतो. त्याला वाटतं जाड बाजूनं कुटायचं. नाही. जाड बाजू वर राहते आणि तिच्या वजनानं बारीक बाजू खाली बसते. बाईनं फक्त उचलायचं आणि सोडायचं.

कुटायचं काय, तर हिकोरीचीच फळं. हिकोरी म्हणजे अक्रोडाचं चुलत भावंड, पण स्वभावानं खाष्ट. कवच फुटलं तरी गर सोडत नाही. सुईनं टोकरत बसाल तर दिवस जाईल आणि वाटीसुद्धा भरणार नाही. म्हणून आमच्या बायकांनी ते भांडणच मिटवून टाकलं. मोठी टरफलं पाखडून काढायची आणि उरलेलं कवचासकट कुटायचं. आधी भुगा होतो, मग त्याला तेल सुटतं, मग तो हाताला चिकटायला लागतो. त्याचे मुठीएवढे गोळे वळायचे. गोळा उकळत्या पाण्यात सोडला की विरघळतो, कवच तळाला बसतं, वरचं फडक्यातून गाळून घ्यायचं. गाय नाही, म्हैस नाही, भांडंभर दूध! जरासं तांबूस, दाट, वर तेलाचे डोळे. शिजवलेल्या मक्याच्या दाण्यांवर ओतलं की झालं. त्याला कनूची म्हणतात. माझ्या पोटात फुटल्याशिवाय हिकोरीतून ते निघत नाही.

आता कासवओढ्याची रीत सांगतो. ठोका सुरू झाला की घराघरात वाडगा धुऊन ठेवतात. ठोका थांबला की निघायचं. निरोप नाही, आमंत्रण नाही, ठोका हेच आमंत्रण. आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही, मग तो काल भांडून गेलेला का असेना.

क्वेटी कुटायला लागली की सगळ्यात आधी यायची तिची सासू, डॉर्कस. ओढ्यापलीकडेच तिचं घर. निळा, इनॅमलचा पोपडा उडालेला पत्र्याचा वाडगा घेऊन डुलत डुलत यायची.

"तुझ्या उखळाचा गळा चांगला आहे गं, क्वेटी," ती म्हणायची. "तुझ्यापेक्षा सुरात आहे."

"मग त्यालाच सून करून घ्यायची होती," क्वेटी म्हणायची.

"केली असती. पण ते भांडी घासत नाही."

क्वेटीची एक खोड होती. पहिला घाव घालण्याआधी ती वाकून माझ्या पोटात बघायची. खडा आहे का, किडा आहे का, शेजारी बसलेल्या कुणाचं बोट आहे का. बघितल्याशिवाय तिनं कधी मुसळ सोडलं नाही. ही खोड लक्षात ठेवा.

तिचा नवरा जॅस्पर. लग्नानंतरची पहिली वर्षं तो माझ्यावर मायाच करायचा. पाऊस आला की मला उचलून ओसरीत घ्यायचा, आणि मी काही हलका नाही. मग कोरियात लढाई सुरू झाली. तो गेला तेव्हा लेक वायनी पोटात होती. परत आला तेव्हा ती अंगणात पळत होती.

तो आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी क्वेटीनं आनंदानं कुटायला घेतलं. नवरा जिवंत परत आलाय, ओढा जेवायला नको? पहिला ठोका पडला आणि जॅस्पर टेबलाखाली गेला. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी. क्वेटी मुसळ टाकून धावली, त्याच्या खांद्याला हात लावला. तो उठला आणि त्यानं तिच्या तोंडावर मारलं. मग आपल्याच हाताकडे बघत राहिला.

"तो आवाज नको," तो म्हणाला. "तोफा सुटतात डोक्यात. परत नको."

क्वेटीनं थांबवलं. आधी दयेनं थांबवलं, पुढं भीतीनं. कारण हात एकदा उचलला गेला की त्याला वाट सापडते. कॉफी गार झाली, मार. वायनी रडली, मार. झोपेतून दचकून उठला, शेजारी जी होती तिला मार. लोक म्हणतील, दारू. नाही हो. जॅस्पर थेंबाला शिवत नसे. शुद्धीत मारायचा आणि नंतर विहिरीवर जाऊन हात धुवायचा.

लढाईनं माणूस मोडतो हे मला मान्य आहे. मी स्वतः जळलेलं लाकूड आहे, मला कुणी शिकवू नये. पण क्वेटीचा दात काही कोरियातल्या तोफेनं पाडला नाही.

आणि ठोका बंद झाल्याचा त्याला एक फायदा झाला. ठोका नाही म्हणजे वाडगे नाहीत. वाडगे नाहीत म्हणजे अंगणात कुणी नाही. क्वेटीच्या डोळ्याखालचं काळंनिळं बघायला कोण येणार? आधी तोफांसाठी बंद झालेला आवाज पुढं या कामाला आला.

मला त्यानं उलटं केलं. तोंड मातीत, बूड वर. बूट काढायला तो माझ्यावर बसायचा. कोंबडी कापायची तर माझ्याच बुडावर. मानेवर कोयता पडायचा, रक्त माझ्या अंगावरून ओघळून तोंडापाशी थिजायचं. ज्या अंगणात मी माणसं जेवताना बघितली तिथं नुसता चिखल चाखत होतो. मला लाज वाटायची.

एकदा डॉर्कस रस्त्यानं चालली होती. जॅस्पर माझ्यावर बसला होता. क्वेटी दारात होती, शाल डोळ्यांपर्यंत ओढून.

"काय रे, बायकोच्या उखळावर बसतोस? खाली टोचत नाही?" डॉर्कसनं रस्त्यावरूनच विचारलं.

"यंदा फळं नाहीत, आई. कुटायचं काय?"

"फळं नाहीत? माझ्या पायाखाली लोळतायत. घसरून पडले असते आत्ता." मग सुनेकडे बघून म्हणाली, "आणि तू गं? थंडी नाही, वारा नाही, एवढी गुंडाळून का उभी?"

"दात दुखतोय," क्वेटी म्हणाली.

डॉर्कस थोडी थांबली. मुलगा लढाईतून परत आलाय, घरात काय चाललंय ते विचारायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं असावं. ती निघून गेली. उलटा असलो तरी मी रागानं फुटायला आलो होतो. अगं बाई, आत ये ना!

असे काही हिवाळे गेले. मग वायनीला गोवर निघाला. पुरळ गेलं, ताप गेला, पण पोरीचं अन्नावरचं मन उडालं. सरकारी डब्यातली दुधाची पूड कालवून दिली की ती ओकायची. डोळे आत गेले, मनगटं काड्यांसारखी झाली. क्वेटी चमचा घेऊन बसायची आणि वायनी तोंड फिरवायची.

"आजीकडचं दे ना," पोरगी म्हणाली. "तांबडं दूध."

झालं. सासूकडे मागायला जावं तर तोंडावरचे वळ दिसणार. त्या सकाळी जॅस्पर लाकडाच्या गिरणीवर गेला आणि क्वेटीनं मला दोन्ही हातांनी धरून सरळ केलं. राखेच्या पाण्यानं घासलं. वाळकं रक्त नखांनी काढलं. तिचे हात पोटात फिरले आणि मला वाटलं, आपण पुन्हा माणसात आलो. माझ्याखाली तिनं गोधडी दुमडून घातली, आवाज मातीत उतरू नये म्हणून. फळं आणली, दगडावर फोडली, पाखडली. आत वाकून बघितलं. मग मुसळ उचललं आणि चोरासारखी कुटायला लागली. उचलायची आणि सोडायच्या ऐवजी हातानं हळू टेकवायची. भुग्याला तेल सुटत आलं होतं. अजून थोडं, आणि गोळा वळला असता.

गिरणीचा पट्टा तुटला होता. जॅस्पर दुपारीच घरी आला.

"काय सांगितलं होतं मी?"

"पोरगी जेवत नाही, जॅस्पर. एवढंच कुटते आणि उलटं करून ठेवते. खाली गोधडी घातलीय, आवाज नाही येत."

"मला येतो," तो म्हणाला.

ठोसा जबड्यावर बसला. ओलं लाकूड चिरताना जो आवाज होतो तो मी ऐकला, आणि तो क्वेटीच्या तोंडातून आला होता. ती पडताना तिचं कपाळ माझ्या कडेवर आपटलं. मला मागं सरता आलं नाही. देवानं मला पाय दिले असते तर त्या क्षणी मी मागं सरलो असतो. तिनं माझ्या कडेला धरून उठायचा प्रयत्न केला तर त्यानं बरगडीत लाथ घातली, मग अजून एक. वायनी दारात उभी राहून किंचाळत होती. क्वेटीनं तिच्याकडे हात केला, आत जा, आत जा. तोंडातून शब्द येत नव्हता, फेसाळ रक्त येत होतं.

मग त्याची नजर माझ्यावर आली.

"ह्याचंच मूळ आहे," तो म्हणाला. "आज ह्याच्या ढलप्या करतो."

त्यानं लाथ मारून गोधडी उडवली. मी कलंडलो, सावरलो, उघड्या जमिनीवर उभा राहिलो. त्यानं कुऱ्हाड आणली.

ओंडका फोडायचा तर आधी आडवा पाडतात, फटीत पाचर मारतात. हे शेंबड्या पोराला कळतं. पण रागावलेल्या माणसाला एवढं सुचत नाही. त्यानं मला उभाच मारला. कुऱ्हाड माझ्या कडेवर पडली, पोकळ पोटात आवाज घुमला आणि ओढ्यावरून पलीकडे गेला. दुसरा घाव. तिसरा. आई गं, काय दुखलं! माझी कड फुटली, तेलकट भुगा उडाला, पोटात वरपासून खालपर्यंत भेग गेली. पण आवाज? मी जन्मात एवढ्या मोठ्यानं बोललो नव्हतो. त्याला वाटत होतं तो माझं तोंड कायमचं बंद करतोय. डोंगराला आपटून ठोका परत येत होता आणि त्याला ऐकू येत होत्या फक्त तोफा.

शेवटी कुऱ्हाड भेगेत रुतून बसली. तो ओढायला लागला, निघेना. ठोका थांबला.

आणि कासवओढ्याची माणसं वाडगे घेऊन निघाली.

आधी बोलणी ऐकू आली, हसणं ऐकू आलं. इतक्या वर्षांनी क्वेटीचं उखळ बोललं म्हटल्यावर घरात कोण थांबतंय? डॉर्कस सगळ्यांच्या पुढं होती. "पण ठोका कसला म्हणायचा हा? सवय मोडली पोरीची. ताल पार गेलाय!" तिच्या मागं तिची धाकटी सून, वरच्या घरातल्या दोघी बहिणी, कडेवर पोरं, आणि शेतातून तसाच आलेला रेडबर्ड मामा, हातात पत्र्याचा मग. फाटकातून आत आली आणि बोलणं तिथंच तुटलं.

मामानं हातातला मग सावकाश जमिनीवर ठेवला.

"जावईबापू, कुऱ्हाड सोडा."

"तुम्ही ह्यात पडू नका, मामा."

"मीच पाडलंय ते झाड. सोडा म्हणतो ना."

कुऱ्हाड त्याच वेळी भेगेतून सुटली. जॅस्परनं ती फिरवली, मामानं दांडा धरला, दोघं माझ्याभोवती गरगरले. पातं घसरलं. मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं गवतात पडली. म्हाताऱ्यानं आवाज केला नाही आणि दांडाही सोडला नाही. रक्तानं हात निसटत होता, तरी धरून होता.

तेव्हा डॉर्कस पुढं झाली. तिनं तो निळा वाडगा दोन्ही हातांत धरला आणि पोटच्या पोराच्या डोक्यात घातला. एकदा नाही. वाडग्याचं बूड आत जाईपर्यंत घातला. शेवटच्या घावाला ती रडत होती.

जॅस्परचे गुडघे मोडले. तो पुढं कोसळला आणि त्याचं तोंड माझ्या तोंडात आलं. धाकट्या सुनेनं पाठीवर बैठक मारली. कुऱ्हाड बाजूला गेली.

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, असं लोक बोलतात. बोलणाऱ्यांपैकी कुणाचं डोकं उखळात गेलेलं नसतं. जॅस्परचं होतं. आणि क्वेटी उठली होती.

कशी उठली ते मला माहीत नाही. जबडा एका बाजूला लोंबत होता, एक डोळा मिटलेला. तिच्या हातात मुसळ होतं, जाड बाजू वर. तिनं ते डोक्याच्या वर नेलं. तिला जोर लावायची गरज नव्हती, फक्त सोडायचं होतं. कुणी तिला अडवलं नाही. मामा बोटांच्या जागी शर्ट दाबून बघत होता. डॉर्कसनं तोंड फिरवलं, पण नको म्हणाली नाही.

खरं सांगतो, मला हवं होतं. टाक, मी म्हणत होतो. मी हजारो कवचं फोडलीत, एक अजून. टाक, बाई!

तिनं वाकून आत बघितलं. सवयच ती. खडा आहे का, किडा आहे का, कुणाचं बोट आहे का.

आत तिच्या नवऱ्याचं तोंड होतं. नाकातलं रक्त तिनं कुटलेल्या भुग्यात मिसळत होतं. वायनीसाठी कुटलेल्या.

"काढा ह्याला," ती म्हणाली. जबड्यातून शब्द नीट येत नव्हते, तरी सगळ्यांना कळले. "ह्यात माणसं जेवतात."

आणि तिनं मुसळ बाजूच्या मातीत रोवलं. त्याला माफ केलं का? अजिबात नाही. माझं पोट त्याच्यासाठी बाटवायचं नव्हतं, एवढंच. मी तेव्हा तिच्यावर चिडलो होतो. आता चिडत नाही.

बायकांनी जॅस्परला फाटकाशी नेऊन बसवलं. मग डॉर्कस घरात गेली. त्याचे बूट आणले, पायरीवर ठेवले. लष्करातला कोट आणला, ठेवला. दाढीचा वस्तरा, टोपी, एकेक वस्तू आणून दाराबाहेर मांडली. आमच्यात काडीमोड असाच होतो. घर बाईचं. सामान बाहेर आलं की नवऱ्यानं ते उचलायचं आणि चालू लागायचं.

"हे घर मी बांधलंय, आई," जॅस्पर म्हणाला.

"भिंती तू बांधल्यास. घर तिचं आहे. एवढं शिकवायला मी विसरले नव्हते."

"मग मी तुझ्याकडे येतो."

"माझ्याही दाराबाहेर सामान ठेवायला लावशील," ती म्हणाली. "जा. बरा झालास तर ये."

तो बूट घालून, कोट खांद्यावर टाकून रस्त्यानं गेला. पुन्हा कासवओढ्यावर आला नाही. डॉर्कसनं त्याला कधी बोलावणं धाडलं नाही. पण मरेपर्यंत ती संध्याकाळी पायरीवर बसून त्या रस्त्याकडे बघायची, हे मी बघितलंय.

त्या दिवशी आलेल्यांचे वाडगे रिकामेच होते. मग उलटी रीत झाली. ज्याच्या त्याच्या घरी जे गोळे होते ते क्वेटीच्या चुलीवर आले. डॉर्कसनं पाणी उकळलं, गोळे सोडले, फडक्यातून दोनदा गाळलं, कवचाचा कण राहू नये म्हणून. वायनीनं पहिला वाडगा संपवला आणि दुसरा मागितला. क्वेटीचा जबडा डॉक्टरनं तारेनं बांधला. हिवाळाभर तिला चावता येत नव्हतं. तिची सासू रोज त्या चेपलेल्या निळ्या वाडग्यातून कनूची आणायची आणि चमच्यानं दातांच्या फटीतून सोडायची. एकदा डॉर्कस म्हणाली, "त्या दिवशी रस्त्यावरून मी विचारायला हवं होतं." क्वेटीनं ओठ विलग केले, पुढचा चमचा घेतला.

मला रेडबर्ड मामानं पुन्हा जाळलं. फडकं गुंडाळलेल्या हातानं निखारे ठेवले, रक्त मुरलेला थर जाळून खरवडून काढला आणि भेग फाकू नये म्हणून पिंपाची लोखंडी पट्टी गच्च ठोकली. "आता आपण दोघं सारखे," तो म्हणाला. "थोडे थोडे कमी."

त्यानंतर क्वेटीनं चोरून कधी कुटलं नाही. माझा आवाज मात्र फाटका झाला, तो झालाच.

आता बरीच वर्षं लोटलीत. मामा गेला, डॉर्कस गेली. क्वेटी थकली आहे, मुसळ तिला उचलवत नाही. वायनी शाळेत स्वयंपाकीण होती, तीही आता घरीच असते. तिच्याकडे मिक्सर आहे. बदाम रात्री भिजवते, सकाळी सालं काढून फिरवते, गाळते. घरर्र झालं की दूध तयार, पांढरंशुभ्र. मी ओसरीतून वास घेतो. चांगलं असेल. पण त्या घरर्रनं शेजारचं मांजरसुद्धा उठून येत नाही.

माझ्यात वायनीनं झेंडूची रोपं लावली होती. क्वेटीनं उपटून फेकली. "ते जेवायचं भांडं आहे," म्हणाली.

डॉर्कसच्या जुन्या जागेवर हल्ली चाकांवरचं घर उभं आहे. त्यात टेसा नावाची तरुण पोर राहते, तिचा माणूस आणि तान्हं बाळ. परवा दुपारी तिथून आवाज आला. पत्र्याच्या भिंतीवर काहीतरी जोरात आपटलं. थांबलं. पुन्हा आपटलं. मी ओळखला. असला ठोका मी विसरणार नाही.

क्वेटीला अलीकडे कानाशी बोललं तरच ऐकू येतं. गाडीचा भोंगा ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही. तरी ती खुर्चीतून उठली, फळीवरचा चेपका निळा वाडगा काढला आणि काठी टेकत निघाली.

"आई, कुठं चाललीस? मी पोलिसांना फोन केलाय," वायनी म्हणाली.

"बरं केलंस. ते येईस्तोवर मी पोचते."

"त्याच्याकडे बंदूक असली तर?"

"माझ्याकडे वाडगा आहे. तू येतेस का नुसतीच बोलतेस?"

वायनी तिचा वाडगा घ्यायला आत धावली. दोघी ओढ्यावरचा पूल ओलांडून गेल्या. मी इथून बघत होतो आणि माझी भेग दुखत होती. तिथं काय बोलणं झालं ते नंतर वायनीच्या तोंडून ऐकलं. क्वेटीनं काठीनं दार ठोकलं. आवाज थांबला. दार उघडलं, त्या माणसाचा चेहरा दिसला.

"काय पाहिजे?" तो ओरडला.

"ठोका ऐकला," क्वेटी म्हणाली. "जेवायला आलो."

बघतच राहिला तो. समोर नव्वदीची म्हातारी, हातात वाडगा. मारावं तर हिला मारणार कसं, आणि हाकलावं तर ही हलत नाही. क्वेटी त्याच्या काखेखालून आत गेली. बाहेर आली तेव्हा टेसा तिच्या दंडाला धरून होती, बाळ वायनीच्या खांद्यावर. त्या माणसानं शिव्या दिल्या, गाडी काढली आणि धूळ उडवत गेला. परत येईल, मला माहीत आहे. पोलीस आहेत, कोर्ट आहे, अजून खूप व्हायचंय.

टेसा ओसरीत बसली. ओठ फुटलेला, हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. क्वेटीनं हिकोरीची फळं माझ्या पोटात टाकली आणि मुसळ तिच्या हातात दिलं. पोरीनं ते उलटं धरलं.

"जाड बाजू वर," क्वेटी म्हणाली. "आत बघ आधी. आता उचल आणि सोड."

"मला खूप राग आलाय, आजी," टेसा म्हणाली.

"मग बारीक होईल."

पहिला घाव वाकडा पडला, दुसरा भेगेवरच पडला. मी कळवळलो, पण हूं की चूं केलं नाही. पोर रडत होती आणि कुटत होती, कुटत होती आणि रडत होती. माझा फाटका आवाज ओढ्यावरून गेला. ही रीत आता कुणाला आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. वरच्या घरातली म्हातारी बहीण प्लास्टिकचा डबा घेऊन आली. मामाचा नातू आला. पण ठोका थांबल्यावर सगळ्यात आधी फाटकात आला तो पोलीस. कोवळा पोरगा होता, आमच्यातलाच. टोपी काढून उभा राहिला, हातात काही नव्हतं. वायनीनं त्याला वाडगा दिला.

माझं आता फार राहिलेलं नाही. पट्टी गंजलीय, भेगेत मुंग्या आहेत. म्हणून जाता जाता मागतो, ते द्या. हात शिवशिवत असतील तर मला मारा. मी त्याच्यासाठीच जळून पोकळ झालोय, माझ्यातून निदान दूध तरी निघतं. आणि शेजारून ठोका ऐकू आला, ताल चुकलेला असला तरी, चुकलेला असला तर मुद्दाम, तो थांबला की वाडगा घ्या आणि निघा.